मोजणीचे एकक आणि 'कंपनीत असणे'

पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केलेली पाहणी १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावाने प्रसिद्ध झाली. ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेव्हा या औद्योगिक पट्ट्यासंबंधीच्या संशोधनाचा विचार तेथूनच आरंभावा हे उचित. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, त्यांपैकी ४६३ एका एकराहूनही लहान, हे त्यातील आकडे जमिनीच्या तुकडीकरणाच्या चर्चेत वारंवार उद्धृत होतात. ग्रंथाचे खरे बळ मात्र अन्यत्र आहे. मॅन यांनी कुटुंब हे एकक धरले. त्यामुळेच केवळ शेतीवर तगणारे घर आणि बाहेरच्या मजुरीवर तगणारे घर यांतील भेद त्यांना दिसला.

रिचर्ड लॅम्बर्ट यांच्या १९६३ सालच्या ग्रंथात पुण्यातील पाच कारखाने आहेत. कामगार आपली नोकरी ही एक प्रकारची मालमत्ताच मानतो, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु ते हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाविषयी आहे, ही मर्यादा विसरून त्याचा हवाला दिला जातो.

येथे भाषाभ्यासकाला दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा. मराठीत माणूस कंपनीत 'काम करतो' असे क्वचितच म्हणतात. तो कंपनीत 'आहे' असे म्हणतात. हे 'असणे' लॅम्बर्ट यांच्या मालमत्तेशी तंतोतंत जुळते. उलट, ज्याची नेमणूक ठेकेदारामार्फत झाली तो ठेकेदाराकडे आहे. '-त' आणि '-कडे' या दोहोंत आश्रयाचे दोन निराळे प्रकार सामावले आहेत. चाकणचा कंत्राटी तरुण मात्र गावी कळवताना ज्या फाटकातून आत जातो त्या कंपनीचेच नाव घेतो. प्रश्नावली ते नाव जसेच्या तसे टिपते, आणि तक्त्यात तो त्या कंपनीचा नोकर ठरतो. चूक अंकगणिताची नाही, प्रत्ययाची आहे. अलीकडच्या पुष्कळ अभ्यासांत उद्योगसंस्था हेच एकक असल्याने ती उघडकीसही येत नाही.

आयर्लंडात १९६० साली स्थापन झालेल्या आर्थिक संशोधन संस्थेच्या नावात १९६६ साली 'सामाजिक' हे विशेषण आले. लहान आणि परकी भांडवलाला खुल्या असलेल्या देशाला ही जोड आवश्यक वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपला पट्टा देश नव्हे. तथापि त्याचे निर्णयही पुष्कळदा दूर घेतले जातात. जनरल मोटर्सने तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवले. अशा वेळी हजेरीपटावरचे कामगार निदान मोजता येतात. ठेकेदाराकडचे, सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांतले आणि त्यांना खोल्या भाड्याने देणारे गावकरी कोणत्या तक्त्यात शोधावेत?

'काम कोठे करता?' आणि 'पगार कोणाकडून मिळतो?' हे दोन प्रश्न प्रश्नावलीत पृथक् ठेवणे, व ते घरी जाऊन विचारणे, एवढी सुधारणा आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनाही सहज करता येईल.