परिषदेहून परतलेल्यांचे लिहिणे

आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतून एक लेखनप्रकार गेली अनेक वर्षे नेमाने प्रसिद्ध होत आहे. त्याला समीक्षकांनी अजून नाव दिलेले नाही. आपण त्याला 'परिषद-वृत्तांत' म्हणू. मेथडिस्ट बांधवांच्या पत्रिका चाळा, नाहीतर आपल्या कॅथलिक पत्रिका, मजकुराची घडण एकच. विमानतळावरचे स्वागत, हाडे गोठविणारी थंडी, मिरची नसलेले जेवण, नाना देशांचे पोशाख, सर्वांनी मिळून गायिलेले गीत आणि अखेरीस समूहचित्र. परिषदेत प्रश्न कोणता होता, त्यावर कोण कोणाशी भांडले आणि काय ठरले, हे मात्र त्यात क्वचितच सापडते.

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याला मी गेलो होतो आणि परत येऊन चार पानांचा वृत्तांतही लिहिला होता. नांदेडला रविवारच्या मिस्सानंतर एका वृद्ध मावशींनी मला अंगणात गाठले व विचारले, "तिथं आमचं काय सांगितलास रे बाबा?" मी छायाचित्रे दाखविली. त्यांनी ती नीट पाहिली, परत दिली आणि त्या निघून गेल्या.

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मी त्यानंतर पुन्हा वाचले. 1889 साली प्रथम प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने पुनर्मुद्रित केला. प्रवासवर्णन म्हणून त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला तो प्रतिनिधीचे निवेदन म्हणून अधिक मोलाचा वाटतो.

रमाबाई 1886 च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाला पोहोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. निमंत्रण तेथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांचे होते. कोणत्याही ख्रिस्तसभेने त्यांना निवडून पाठविले नव्हते. पुढे 1888 च्या मार्चअखेरीस वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या वतीने त्या तेथे होत्या. पण त्यांच्यामागे निवडून देणारा मतदार नव्हता. कोणी न पाठविलेल्या या बाईने मात्र मायदेशी परतल्यावर आपल्या लोकांना जेवढा हिशेब दिला, तेवढा रीतसर पाठविलेल्यांपैकी फार थोड्यांनी दिला असेल.

तो हिशेब कसा आहे ते पाहावे. प्रथम समुद्रप्रवास येतो, मग राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, आणि त्यानंतर स्त्रियांच्या स्थितीवरील विस्तृत प्रकरण, ज्यात या पुस्तकाचा जीव आहे. स्त्रियांनी संस्था कशा उभारल्या आणि दारूच्या गुत्त्यांविरुद्ध ओहायोतल्या बायका रस्त्यावर कशा आल्या, हे त्या सांगतात ते मराठी बाईला उद्या सकाळी उपयोगी पडावे अशा बेताने. डोळे दिपलेले आहेत, पण मिटलेले नाहीत. कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्या नजरेआड करीत नाहीत. यजमानांचे मीठ खाल्ले म्हणून यजमानांचे दोष झाकायचे नाहीत, ही वृत्ती आपल्या परिषद-वृत्तांतांत सर्वांत दुर्मीळ आहे.

दोष ग्रंथातही आहेतच. आकड्यांची गर्दी काही ठिकाणी वाचकाला थकविते. स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघटनेविषयी लिहिताना लेखणी भक्तिभावाकडे झुकते. आणि 'प्रवासवृत्त' असे नाव असूनही प्रवासी फारच थोडी दिसते. वॉशिंग्टनच्या सभागृहात परदेशी स्त्रियांच्या मेळाव्यात बसलेल्या एका तरुण विधवेच्या मनात काय चालले असेल, हे वाचकाला कल्पनेनेच भरून काढावे लागते. मला हे मौन सलते. तरी ते समजते. 1883 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाईचे प्रत्येक 'मी' पुण्यात संशयाने वाचले जाणार होते. तिने आपल्याला बाजूला ठेवून बातमी पुढे केली.

या ग्रंथाला आणखी एक पार्श्वभूमी आहे व ती थेट मेथडिस्ट ख्रिस्तसभेची आहे. ज्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याविषयी रमाबाई एवढ्या आदराने लिहितात, त्या स्वतः मेथडिस्ट. वॉशिंग्टनची परिषद आटोपून महिना-दीड महिना होतो न होतो तोच, 1888 च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कला मेथडिस्ट एपिस्कोपल ख्रिस्तसभेची सर्वसाधारण परिषद भरली. विलर्ड आणि आणखी चार स्त्रिया प्रापंचिकांच्या प्रतिनिधी म्हणून रीतसर निवडून आल्या होत्या. परिषदेने त्यांना आसन नाकारले. त्या परिषदेत स्त्री प्रतिनिधी बसल्या त्या 1904 साली. एकीकडे निवडून येऊनही दाराबाहेर राहिलेल्या विलर्ड आणि दुसरीकडे न निवडताही संपूर्ण निवेदन देणाऱ्या रमाबाई, ही जोडी माझ्या मनातून जात नाही. (पुढे मुक्ती मिशनच्या कामात रमाबाईंना लाभलेल्या मिनी अब्राम्सही मेथडिस्टांकडूनच हिंदुस्थानात आल्या होत्या.)

आपण कॅथलिकांनी यावर मिशीतल्या मिशीत हसू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मेथडिस्ट निरीक्षकांना पहिल्या सत्रापासून जागा होती; आपल्याच भगिनी मात्र श्रोत्या म्हणून 1964 साली आत आल्या. महागुरूंच्या सिनडमध्ये स्त्रियांनी मतदान केले ते ऑक्टोबर 2023 मध्ये, प्रथमच. त्या मताच्या मागे कोणत्या धर्मग्रामातल्या कोणत्या बाईचे गाऱ्हाणे होते, हे मला आपल्या मराठी पानांत वाचायचे आहे. रोमच्या चौकातल्या कबुतरांची संख्या वाचून झाली आहे.

वृत्तांतातून छायाचित्रे काढून टाका असे माझे म्हणणे नाही. मावशींनी ती पाहिलीच की. पण रमाबाईंच्या पुस्तकात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पानोपानी ते सापडत गेले, आणि माझ्या चार पानांत ते एका ओळीतही नव्हते. माझी प्रत सध्या आमच्या धर्मग्रामातल्या एका ताईंकडे आहे. त्या धर्मप्रांताच्या सभेला जायच्या आहेत. परवा भेटल्या तेव्हा स्त्रियांच्या प्रकरणात त्यांनी एस.टी.चे तिकीट खुणेला घातलेले होते, आणि समासात पेन्सिलीने काही नावे लिहिली होती. ती कोणाची, हे मी विचारले नाही.