ओसरीतलं भवचक्र

अजिंठ्याच्या १७व्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या भिंतीवर एक भलंमोठं चाक रंगवलेलं आहे. त्याचा बराच भाग झडून गेला आहे. जुन्या इंग्रज पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं, आणि लेण्यालाही तेच नाव पडलं. प्रत्यक्षात ते भवचक्र आहे. जन्म, मरण आणि पुन्हा जन्म.

अशा चित्राचा तपशील 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहात येतो. मधोमध कबूतर, साप आणि डुक्कर, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. भोवती देव, माणसं, पशू, प्रेतयोनी आणि नरक या पाच गती. कडेनं दुःखाच्या कारणांची बारा कड्यांची साखळी. आणि हे सगळं अनित्यतेच्या पकडीत.

अजिंठ्यात ती पकड अजून दिसते: दोन थोराड, हिरवे हात. तिबेटी चित्रांत हे चाक बहुधा यमाच्या हाती असतं, म्हणून इथल्या हातांनाही आपण मृत्यूचे हात म्हणून मोकळे होतो. मला तो अर्थ तोकडा वाटतो. मृत्यू शेवटी येतो. अनित्यता भरल्या घरातही असते. चाकाच्या खणांत घरं आहेत, आपापल्या व्यवहारात रमलेली माणसं आहेत, आणि पकड त्यांच्यावरही तितकीच घट्ट आहे. याच ओसरीत दारावर आठ बुद्ध आहेत, सात होऊन गेलेले आणि आठवा येणारा मैत्रेय; त्यांच्या खाली प्रेमात दंग असलेली जोडपी. चित्रकारानं जगण्याचा रंग कुठंही फिका केलेला नाही, म्हणूनच ते हात मनात रुततात.

हे लेणं वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, त्याच्या एका मांडलिक राजानं कोरवून घेतलं. इथल्या शिलालेखात या मांडलिक राजाचा धाकटा भाऊ रविसाम्ब याच्या मृत्यूचा शोक आहे, आणि त्याला हिरावून नेणारी आहे तीही अनित्यताच. हे कळल्यावर भवचक्र नुसता धर्मोपदेश राहत नाही. त्यामागं भाऊ गमावलेला माणूस उभा दिसतो.

'दिव्यावदान' आणखी एक गोष्ट सांगतं: हे चक्र विहाराच्या दाराशीच काढावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायला एक भिक्खू नेमावा. या परिसराचं बौद्ध धर्माशी नातं जुनं आहे: जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांची-भारहुतच्या स्तूपांच्या दगडांवर कोरलेली आहेत. त्या मातीतल्या वाचकांना माझी विनंती आहे: अजिंठ्याला गेलात तर थेट आत शिरू नका. आधी ओसरीत डावीकडे थांबा, आणि सोबतच्या मुलांना हे चाक समजावून सांगा.