रंगभवन ते कर्जत : ‘जॅझ यात्रा’ आणि श्रोत्यांचा प्रश्न

प्रस्तावना :

संगीत महोत्सवाची समीक्षा बहुधा मंचापुरती मर्यादित राहते. कोणते कलावंत आले, त्यांनी काय वाजविले, कोणाचे वादन रंगले आणि कोणाचे फिके पडले, एवढी नोंद झाली की समीक्षकाचे काम संपले असे मानले जाते. मंचासमोर कोण बसले होते आणि कोणाला बसता येणे शक्य नव्हते, हा प्रश्न समाजशास्त्राचा समजून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः जॅझ, प्रायोगिक संगीत आणि ज्याला आज ‘विश्वसंगीत’ म्हटले जाते त्या प्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न संगीताच्या बाहेरचा नाही. कारण ‘विश्व’ या शब्दात कोणाचा समावेश होतो आणि कोणाचा होत नाही, यावरच या संगीताचा दावा उभा आहे.

प्रस्तुत लेखात १९७८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाचा या दोन्ही अंगांनी विचार केला आहे. हा विचार रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या दृष्टिकोनातून केला आहे. कर्जत हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे घाटाखालचे शेवटचे मोठे स्थानक असून मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. तेथून फुटणारा एक फाटा खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत जातो. म्हणजे हा प्रदेश मुंबईशी जोडलेलाही आहे आणि मुंबईबाहेरही आहे. शहरातील संगीत कुठपर्यंत पोहोचते, हे पाहण्यास अशी सीमेवरची जागा सोयीची ठरते.

‘जॅझ यात्रे’ची पार्श्वभूमी :

‘जॅझ यात्रा’ हा निरंजन झवेरी यांच्या दीर्घ ध्यासाचा परिपाक होय. १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘ब्लू ऱ्हिदम’ या जॅझविषयक नियतकालिकाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. पुढे ‘जॅझ इंडिया’ या संस्थेमार्फत त्यांनी धोबी तलाव परिसरातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात हा महोत्सव भरविला. सलग अनेक संध्याकाळी अमेरिका, युरोप, जपान आणि भारत येथील वादक एकाच मंचावर यावेत, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. ‘विश्वसंगीत’ हे आजचे रूढ नाव १९८७ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या काही लहान कंपन्यांनी दुकानातील मांडणीच्या सोयीसाठी निश्चित केले. मुंबईतील हा प्रयोग त्या नावाच्या नऊ वर्षे आधीचा आहे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

पहिल्या ‘जॅझ यात्रे’तील प्रमुख कलावंत म्हणजे सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स. रोलिन्स यांचे मुंबईशी नाते त्याआधीचे होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मंचापासून दूर होऊन पवई येथील आश्रमात योग व वेदान्ताच्या अभ्यासासाठी राहिले होते. ज्या शहरात ते शांततेच्या शोधात आले, त्याच शहरात सुमारे दहा वर्षांनी ते वाद्य घेऊन परतले. जॅझ आणि भारत यांचा संबंध केवळ राग आणि ताल यांच्या उसनवारीचा नव्हता, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

संगमाचे स्वरूप : यश आणि मर्यादा :

भारतीय संगीत व जॅझ यांच्या मीलनाची चर्चा करताना दोन्ही परंपरांत उत्स्फूर्त विस्ताराला स्थान आहे, एवढेच साम्य सांगून थांबण्याची प्रथा आहे. हे साम्य खरे असले तरी वरवरचे आहे. जॅझमधील विस्तार पारंपरिक रीतीने बदलत्या स्वरसंघांवर उभा असतो. बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचा साचा पुनःपुन्हा येतो आणि वादक त्या साच्यातील प्रत्येक स्वरसंघाला उत्तर देत पुढे जातो. आपल्याकडे षड्ज स्थिर असतो. राग एका आधारस्वरावर उलगडतो आणि तालाचे आवर्तन समेवर येऊन मिळते. एकाचा पाया सरकता आहे, तर दुसऱ्याचा अचल. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस आणि त्यानंतर जॉन कोल्ट्रेन यांनी स्वरसंघांची गर्दी कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबणारी पद्धत रूढ केली. त्यामुळेच या दोन परंपरांना एकत्र उभे राहण्यास जागा मिळाली.

तरीही अडचणी उरतातच. पियानोचे स्वर पक्के बांधलेले असतात. त्यावर मींड निघत नाही आणि रागातील गांधाराची विशिष्ट छटा मिळत नाही. शिवाय रागाखाली स्वरसंघ दिला की कानाला त्या स्वरसंघाची ओढ लागते आणि रागाचा न्यासस्वर आपले बळ गमावतो. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन व विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ या संचाने पियानोला आणि पाश्चात्त्य ड्रमला जागाच दिली नाही. मॅक्लॉफ्लिन यांनी आपल्या गिटारीच्या पट्ट्यांमधील लाकूड खोलगट कोरून घेतले, जेणेकरून तार दाबून मींड काढता यावी. म्हणजे मीलन साधण्यासाठी वाद्यात बदल करावा लागला. चार्ली मारियानो यांनी तर दक्षिणेत राहून नागस्वरम् शिकून घेतले. कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन या बंगळूरच्या संचासोबत त्यांनी केलेली ‘ज्योती’ ही १९८३ ची ध्वनिमुद्रिका आजही टिकून आहे, याचे श्रेय त्या शिक्षणाला द्यावे लागेल. आर. ए. रमामणी यांच्या गायनाभोवती मारियानो यांचा सॅक्सोफोन कुठे बोलतो यापेक्षा कुठे गप्प राहतो, हे तेथे ऐकण्यासारखे आहे.

याच्या उलट प्रकारही महोत्सवांतून सर्रास आढळतो. सायंकाळी भेटलेले दोन वादक रात्री एकत्र मंचावर येतात. थोडी आलापी होते, मग लय वाढते, मग तबला आणि ड्रम यांचे सवाल-जवाब सुरू होतात आणि टाळ्यांत कार्यक्रम संपतो. वेग ही दोघांना येणारी एकमेव समान भाषा ठरते. अशा वेळी दोन परंपरा भेटत नाहीत, त्या केवळ शेजारी उभ्या राहतात. ‘जॅझ यात्रे’चे मोठेपण असे की झवेरी यांना हा फरक ठाऊक होता. लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस आणि रमामणी यांच्यासारख्या कलावंतांना दीर्घकाळ एकत्र काम करता यावे, याला त्यांनी महत्त्व दिले. एका रात्रीच्या भेटीपेक्षा अनेक महिन्यांची तालीम मोलाची असते, हा या महोत्सवाने दिलेला धडा होय.

पाहुणा कोण, यजमान कोण ?

मात्र ‘जॅझ यात्रे’च्या मांडणीत एक उणीव राहिली. जॅझ हा बाहेरून आलेला पाहुणा आणि शास्त्रीय संगीत हा यजमान, अशी तिची सर्वसाधारण रचना होती. प्रत्यक्षात १९७८ पर्यंत जॅझ मुंबईत पाहुणा राहिलेला नव्हता. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होते. तेथे अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांच्या सोबतीने आणि त्यांच्या पाठोपाठ गोमंतकीय वादक तयार झाले. या वादकांपैकी अनेकांचा निवारा म्हणजे धोबी तलाव परिसरातील गोमंतकीय ‘कूड’, अर्थात गावोगावच्या लोकांनी चालविलेली सामुदायिक वसतिगृहे. रंगभवन त्याच परिसरात आहे.

हेच वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत असत. स्वरलेखन वाचता येणे हे त्यांचे कौशल्य होते आणि त्याच्या बळावर चित्रपटसंगीताची वाद्यरचना उभी राहिली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा सहयोग सर्वश्रुत आहे. १९५१ च्या ‘अलबेला’तील गाणी ज्यांनी तंबूतल्या सिनेमात ऐकली, त्यांनी जॅझचा ठेका ऐकला होता. त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते इतकेच. म्हणजे रंगभवनात जॅझची ‘यात्रा’ भरली त्याच्या पाव शतक आधीच ते आडवाटेने मराठी मुलखात पोहोचले होते. या अनामिक वादकांना मंचावर मध्यवर्ती स्थान देणारी मांडणी झाली असती, तर जॅझ हे उच्चभ्रूंचे संगीत असा जो समज मराठी वाचकांत रुजला, तो कदाचित इतका पक्का झाला नसता.

१९८८ साली दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीतातही लुई बँक्स यांचा हात होता. त्यांच्यासोबत त्यात अशोक पत्की होते. जे वादक रंगभवनात काही हजारांनी ऐकले, त्यांचे काम अशा रीतीने कोट्यवधींनी ऐकले. प्रश्न लोकांच्या आवडीचा नव्हता, पोहोचण्याच्या वाटेचा होता, हे यावरून दिसून येते.

शेवटची गाडी आणि रात्री दहाची मर्यादा :

पोहोचण्याच्या वाटेचा विचार कर्जतहून केला की तो अगदी व्यावहारिक होतो. संगीताची मैफल रात्री रंगते आणि उपनगरापलीकडच्या श्रोत्याची मैफल शेवटच्या गाडीला संपते. रंगभवन हे बोरीबंदर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, ही त्याची मोठी जमेची बाजू. खुल्या नाट्यगृहात सभागृहाचा दबाव नसतो. उशिरा येणारा, मध्येच उठणारा, मागे उभा राहणारा श्रोताही तेथे सामावतो.

ही सोय पुढे टिकली नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आली. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. महाविद्यालयाला लागून असलेल्या रंगभवनातील संगीत कार्यक्रम त्यानंतरच्या काळात बंद पडले. नियम चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. रुग्णाच्या झोपेचा हक्क श्रोत्याच्या आनंदापेक्षा मोठाच आहे. पण त्या हक्काची राखण करताना सर्वांना परवडेल अशी पर्यायी खुली जागा शहराने उभी केली नाही. संगीत बंदिस्त, वातानुकूलित सभागृहांत गेले आणि तिकिटाचा दर, वाहन व पोशाख यांचा उंबरठा आपोआप उंच झाला.

मंच जवळ आला, श्रोता दूर गेला :

या स्थलांतराचा पुढचा टप्पा कर्जत-खालापूर परिसरातच पाहावयास मिळतो. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यानंतर या तालुक्यांत शेतघरे आणि विश्रामस्थळे वाढत गेली. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या मंडळींसाठी येथे संगीताचे कार्यक्रम होतात. कधी इलेक्ट्रॉनिक, कधी जॅझच्या अंगाचे, कधी दूरदेशीच्या तालवाद्यांचे. पूर्वी येथील श्रोत्याला संगीतासाठी १०० किलोमीटर जावे लागे. आता संगीत त्याच्या बांधाशी आले आहे, पण कुंपणाच्या आत. स्थानिक माणूस आत जातो तो बहुतांशी वाढपी, माळी किंवा पहारेकरी म्हणून. त्याच्या कानावर जे येते, ते भिंतीपलीकडचा ठोका एवढेच.

आणि कुंपणाबाहेर संगीत नाही असे मुळीच नाही. ठाकर समाजाचा कांबड नाच आणि त्याची गाणी, आगरी लग्नांत धवलारणीने गायचा धवला, गावोगावची रात्र जागविणारी भजनी मंडळे ही या मुलखाची संगीतसंपदा आहे. ल. ना. चापेकर यांनी सह्याद्रीतील ठाकरांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून अभ्यासाची वाट खुली आहे. तरीही ‘विश्वसंगीत’ म्हणून मंचावर येते ते आफ्रिकेतील किंवा लॅटिन अमेरिकेतील तालवादन. कर्जतच्या वाडीतील ढोल स्वागताच्या मिरवणुकीत वाजतो, मंचावर नाही. जे दुरून येते ते ‘विश्व’ आणि जे शेजारी आहे ते ‘लोकरंजन’, ही विभागणी संगीताच्या गुणावर नव्हे, अंतरावर आधारलेली आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. त्या दुर्घटनेत गेलेल्या माणसांपुढे संगीताची चर्चा गौण आहे. पण वाडी जाते तेव्हा तिची पावलांची चाल, लग्नातील ओव्यांचा क्रम आणि गाणाऱ्या म्हाताऱ्यांची स्मृतीही जाते. पुनर्वसनात घरे मिळतात, ही स्मृती मिळत नाही. परिसरातील महाविद्यालयांनी या गाण्यांचे, गाणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी, ध्वनिमुद्रण करणे हे सांस्कृतिक हौसेचे नव्हे, तातडीचे काम आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून अशा महोत्सवांच्या समीक्षेसाठी तीन कसोट्या सुचविता येतील. पहिली, एकत्र आलेल्या कलावंतांनी एकत्र किती काळ काढला. दुसरी, महोत्सव ज्या भूमीवर भरतो त्या भूमीच्या संगीताला त्यात यजमानाचा मान आहे की शोभेच्या मिरवणुकीचा. तिसरी, शेवटच्या गाडीने परतणाऱ्या श्रोत्याला त्यात जागा आहे काय. ‘जॅझ यात्रा’ पहिल्या कसोटीला निःसंशय उतरते. दुसऱ्या कसोटीवर ती शास्त्रीय संगीतापाशी थांबली, गोमंतकीय वादकांच्या कुडीपर्यंत आणि सह्याद्रीच्या वाडीपर्यंत गेली नाही. तिसरीला ती रंगभवनामुळे बऱ्याच अंशी उतरली आणि रंगभवनासोबतच ती शक्यताही मावळली.

‘यात्रा’ हा शब्द झवेरी यांनी नेमका निवडला होता. आपल्याकडे यात्रेला तिकीट नसते, कुंपण नसते आणि तेथे येणारा प्रत्येक जण यात्रेकरूच असतो, प्रेक्षक नव्हे. कर्जत-खालापूरच्या मातीवर आज जे संगीत आणले जाते, त्याने निदान या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.