तीस सेकंदांत राहून गेलेले विज्ञान

अमेरिकेच्या 'रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रां'नी २०१२ साली धूम्रपानाविरुद्ध एक चित्रफीत दूरदर्शन संचावर दाखवली. ती खूप गाजली. नॉर्थ कॅरोलायनातील टेरी हॉल या बाईंचे स्वरयंत्र कर्करोगामुळे काढून टाकलेले होते. अवघ्या अर्ध्या मिनिटात त्या कवळी बसवतात, केसांचा टोप घालतात, गळ्यावरच्या छिद्रात एक छोटे उपकरण बसवतात आणि वरून रुमाल बांधतात. खरखरीत आवाजातले निवेदनही त्यांचेच आहे. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

फितीचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. ती उपदेश करत नाही, दयाही मागत नाही. ही फीत ज्या मोहिमेचा भाग होती, तिच्यामुळे सुमारे १६ लाख जादा लोकांनी धूम्रपान सोडण्याचा प्रयत्न केला, असा अंदाज २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही शिक्षकाच्या नजरेने पाहता तिच्यात एक मोठी उणीव जाणवते. त्या छिद्राचे आणि त्या उपकरणाचे काम काय, हे ती सांगतच नाही.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या पुढच्या बाजूस कायमचे उघडे ठेवतात. नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध तुटतो. हवा गरम करणे, ओलसर करणे आणि गाळणे ही नाकाची कामे थांबतात, म्हणून खोकला आणि घट्ट कफ यांचा त्रास होतो. यावर उपाय म्हणजे छिद्रावर बसवायची, आत स्पंजासारखा पदार्थ असलेली छोटी डबी. तो पदार्थ उच्छ्वासातली वाफ धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो.

बोलण्यासाठी श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील पडद्यात एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. सिंगर आणि ब्लॉम या अमेरिकन तज्ज्ञांनी ही पद्धत १९८० साली प्रसिद्ध केली. छिद्र बोटाने दाबले की उच्छ्वासाची हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते. तिथले अस्तर थरथरते आणि जीभ-ओठ त्या ध्वनीचे शब्द करतात. बोट न लावता बोलण्याच्या उपकरणात एक पातळ पडदा असतो. शांत श्वासाला तो उघडा राहतो आणि बोलण्यासाठी जोराने सोडलेल्या हवेने मिटतो. अशा शिक्षकाला फळ्यावर लिहिता लिहिता बोलता येईल!

एवढी सुंदर युक्ती फितीत कवळी आणि टोप यांच्या रांगेत येते, जणू तीही व्यंग झाकण्याची वस्तू आहे. कवळीवाचून एखादा दिवस निघतो. ते छिद्र मात्र श्वासाची एकमेव वाट आहे. अशी व्यक्ती बेशुद्ध पडली तर नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून किंवा तोंडात फुंकून उपयोग नाही. हवा गळ्यातूनच द्यावी लागते. छिद्रावर घट्ट कापड असेल तर ते आधी दूर करायला हवे. रुमाल बांधताना पाहिलेल्या प्रेक्षकाला हे कसे कळावे?

तीस सेकंदांत किती सांगणार, हा बचाव दूरदर्शनपुरता मान्य. वर्गात तो चालणार नाही. तिथे कदाचित एखादा मुलगा बसलेला असेल, ज्याचे आजोबा अशाच आवाजात बोलतात. त्याच्या वाट्याला नुसती भीती आणि वर्गमित्रांचे हसे येऊ नये.

म्हणून फीत जरूर दाखवा, पण उपकरण दिसताच थांबवा. पाठ्यपुस्तकातल्या श्वसनमार्गाच्या आकृतीवर मुलांना हवेची नवी वाट रंगवू द्या. थंड आरशावर आधी नुसता आणि मग जाड कोरड्या कापडातून उच्छ्वास सोडायला सांगा. वाफ कुठे अडली, ते त्यांना दिसेल. शेवटी विचारा : ही व्यक्ती चक्कर येऊन पडली, तर तुम्ही प्रथम काय पाहाल? उत्तर 'गळा' असे आले, की पाठ पुरा झाला असे समजावे.