नीरेचा नकार, शांताबाईंचा उपवास

आमच्या मल्हारगंजात चांगल्या घरची मुलगी मालिकेत काम करणार म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला : लोक काय म्हणतील? गेल्या चातुर्मासात माझ्या भाचीने हा विषय काढला आणि घरातल्या सगळ्याजणी एका सुरात ‘नको गं बाई’ म्हणाल्या. मी गप्प बसले. दोन दिवसांनी दुपारची कामं आटोपल्यावर सगळ्यांना बसवून ‘कुंकू’ दाखवला.

‘प्रभात’चा हा १९३७चा चित्रपट. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. नीरेचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावतात. ती ते लग्नच मानत नाही. पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहून ‘नाही’ म्हणते. शांता आपटे यांची नीरा सोसणारी वाटतच नाही. तिची मान ताठ, आवाज खणखणीत. त्या काळच्या पडद्यावरच्या सोशिक सुना आठवल्या, की हे केवढं धाडस होतं ते कळतं.

आमच्या जाऊबाई मात्र मध्येच म्हणाल्या, ‘बिचारा म्हातारा!’ त्यांचंही खोटं नाही. केशवराव दाते यांनी काकासाहेब असे उभे केलेत, की राग येता येता कीव येते. दोन्ही बाजू दिसू देणं हा आपला अनेकांत. तो या चित्रपटात आहे. पण एक गोष्ट मला खटकतेच. नीरेची सुटका शेवटी नवऱ्याला झालेल्या पश्चात्तापातून आणि त्याच्या मरणातून होते. इतकी झुंजलेली मुलगी, पण दार उघडतो तोच.

पडद्याबाहेर शांताबाईंसाठी दार उघडायला कोणी आलं नाही. १९३९ साली कराराच्या वादावरून त्या पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी उपवासाला बसल्या. लोकांना तमाशा वाटला. आम्हां जैन बायकांना उपवास काही नवा नाही. दशलक्षणात दहा-दहा दिवस करतो, पारण्याला कौतुकही होतं. पण आपल्या कामाच्या हक्कासाठी अन्न सोडलेली बाई दिसली, की आपणच तिला हट्टी म्हणतो. हे कसं? पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं, नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. भाचीचाच प्रश्न, ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचा!

असा प्रश्न आपल्याकडेच होता असं नाही. चीनमध्ये शांघायची रुआन लिंगयू ही मूकपटांची मोठी नटी. १९३५च्या ‘नव्या स्त्रिया’ या चित्रपटात तिने वर्तमानपत्रांच्या बदनामीने खचून जीव देणारी शिकलेली बाई रंगवली. ती कथा आय शिया या नटीच्या आयुष्यावरून घेतलेली. आय शियाने आदल्याच वर्षी आत्महत्या केली होती. मग वर्तमानपत्रांनी रुआनच्याच संसाराची लक्तरं काढली. त्याच वर्षी ८ मार्चला तिनेही जीव दिला. वय २४. ‘लोक काय म्हणतील’ हा नुसता टोमणा नसतो, त्याने माणूस मरतो.

म्हणून मला शांताबाईंचा उपवास नीरेच्या नकारापेक्षा मोठा वाटतो. नीरेचे संवाद दुसऱ्यांनी लिहून दिले होते. फाटकाशी बसायचं शांताबाईंनी स्वतः ठरवलं.

चित्रपट संपला तेव्हा चहाची वेळ झाली होती. ‘नको’ म्हणणाऱ्या दोघी-तिघी अजूनही ‘नको’च म्हणत होत्या. मी भाचीला एवढंच सांगितलं : जा, पण करारातली ओळ न् ओळ वाचून सही कर, पैसे तुझ्याच खात्यात येऊ देत. आणि बाहेर कोणी काही बोललंच, तर रात्री-अपरात्रीही सरळ इथे ये, दार उघडं आहे.

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पण भाचीच्या कपात चहा मात्र त्यांनीच ओतला.