पंप लावला, ताकद वाढली. पण कशामुळे?

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या मासिकांत आणि पंप विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत एक चाचणी पुन्हा पुन्हा भेटते. व्ही-8 इंजिन डायनोवर चढवायचं, आधी साध्या ब्रीदरवर पळवायचं, मग क्रँककेसमधले वायू ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप बेल्टवर लावून पळवायचं आणि दोन्ही आलेख एकावर एक छापायचे. पंपवाला आलेख वर असतो. खाली निष्कर्ष: व्हॅक्यूममुळे इतकी हॉर्सपॉवर वाढली. संशोधनाला लागण्याआधी अशा चार-पाच चाचण्या तुम्ही बारकाईने वाचाव्यात असं मला वाटतं. मोजमाप खरं असूनही निष्कर्ष कसा घसरतो, हे त्यांत फार स्वच्छ दिसतं.

आधी पंप कशासाठी, ते थोडक्यात. रिंगा कितीही चांगल्या बसल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरतोच. हा ब्लो-बाय. त्याला वाट दिली नाही तर तो सील आणि गॅस्केटमधून तेल बाहेर ढकलतो. रस्त्यावरच्या गाड्यांत हे काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो, पण तो इनटेकमधल्या व्हॅक्यूमवर चालतो आणि पूर्ण थ्रॉटलला तो व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही. ड्रॅग गाडी तर धावते सगळी पूर्ण थ्रॉटलवर. म्हणून कोणी एक्झॉस्टच्या कलेक्टरमध्ये तिरकी नळी वेल्ड करून त्या झोतावर क्रँककेस ओढतात, कोणी पंप लावतात, आणि ड्राय संप असेल तर त्याचे स्कॅव्हेंज पंपच ते करतात. इथे गळती म्हणजे पार्किंगमधला डाग नव्हे. तेल स्वतःच्याच मागच्या टायरखाली गेलं की गाडी भिंतीकडे जाते.

आता निष्कर्षाकडे वळू. त्याला जोडून येणारं एक स्पष्टीकरण तुम्ही लगेच पकडायला हवं: ‘खाली व्हॅक्यूम असल्याने पिस्टन खाली ओढला जातो, म्हणून ताकद वाढते.’ ऐकायला पटतं. 15 इंच पारा म्हणजे साधारण 51 किलोपास्कल. साडेचार इंच बोअरच्या पिस्टनवर हा फरक सुमारे 53 किलोचा जोर देतो. पण पिस्टन वर जाताना तोच 53 किलोचा जोर त्याला अडवतो! दाब स्थिर असेल तर एका पूर्ण फेरीत या जोराने केलेलं कार्य शून्य. बारावीच्या भौतिकशास्त्रातलं गणित आहे हे, तरी छापून येतं.

मग खरा फायदा कुठून? एक, क्रँककेसमधल्या वायूची घनता. पिस्टन खाली येताना आपल्या खालचा वायू शेजारच्या सिलिंडरखाली ढकलतो, आणि क्रँक त्याच वायूत आणि तेलाच्या धुक्यात घुसळत फिरतो. दाब निम्मा झाला की वायू निम्मा विरळ, तेवढा हा तोटा कमी. दोन, ज्वलनकक्षात तेल कमी चढतं, म्हणून नॉकिंगची भीती कमी. तीन, आणि माझ्या मते गोम इथेच आहे, रिंगा. व्हॅक्यूम तेल आवरायला मदत करतो, म्हणून ऑइल रिंगचा ताण कमी ठेवता येतो, आणि ताण कमी म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचं घर्षण कमी.

म्हणजे पंप बऱ्याचदा एकटा येत नाही, हलक्या रिंगा घेऊन येतो. दोन आलेखांच्या मध्ये इंजिन उघडून रिंगा बदलल्या असतील, तर वाढलेली ताकद पंपाची की रिंगांची? लेख ती सगळी पंपाच्या खात्यावर टाकतो. हवेत होते चार प्रयोग: जड रिंगा पंपाशिवाय, जड रिंगा पंपासह, हलक्या रिंगा पंपाशिवाय, हलक्या रिंगा पंपासह. तिसरा कोणी करत नाही, कारण इंजिन धूर ओकेल. पण पंपाने रिंगांना नेमकं काय करू दिलं, हे त्या धुरकट प्रयोगाशिवाय सांगताच येत नाही. गैरसोयीचा म्हणून गाळलेला रकाना तुमच्याही प्रबंधात कुठेतरी असणार, तो शोधून ठेवा. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

दुसरा आक्षेप गेजवर. ‘आम्ही 14 इंच व्हॅक्यूम दिला’ असं लिहितात, जणू नॉब फिरवून दिला. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून मर्यादा पाळत असेल तेव्हा हे खरं. एरवी तो आकडा पंपाची ओढ आणि ब्लो-बाय यांच्या झटापटीतून ठरतो. शिवाय निम्म्या दाबाला तोच वायू दुप्पट जागा व्यापतो, त्यामुळे पंपाला दुप्पट आकारमान हलवावं लागतं. रिंगा चांगल्या बसलेल्या इंजिनात गेज आपोआप जास्त दाखवेल, आणि तेच इंजिन ताकदही जास्त देईल. व्हॅक्यूम कारण आहे की लक्षण, हे अशा आकड्यावरून कळत नाही.

दुरुस्ती गुणकाबद्दल एवढंच: एसएई जे 607 चा आकडा जे 1349 पेक्षा सुमारे 4 टक्के जास्त येतो. दोन वेगळ्या लेखांतले आकडे शेजारी मांडण्याआधी तळटीप वाचा. आणि लागोपाठच्या दोन सारख्या पुलांत किती फरक पडतो हेच दिलं नसेल, तर 10 हॉर्सपॉवरची वाढ मोठी की किरकोळ ते ठरवणार कसं?

या चाचण्यांना श्रेय द्यायचं ते मोकळेपणाचं. पंपाचं मॉडेल, पुलीचं गुणोत्तर, तेलाचा ग्रेड हे तपशील कित्येकदा छापलेले असतात. काही शोधनिबंधांत इतकंही सापडत नाही. पण किंमत लपते. गजन पिनला वंगण मिळतं ते बरंचसं उडणाऱ्या तेलातून आणि धुक्यातून. व्हॅक्यूम 15 इंचांच्या पुढे नेणारे बिल्डर पिनसाठी वेगळे ऑइल जेट बसवतात, ते उगाच नाही. दहा-बारा पुलांत पिन जळत नाही, म्हणून आलेखात तो खर्च दिसत नाही.

आणि डायनो जागचा हलत नाही. ट्रॅकवर गाडी सुटताच संपमधलं तेल मागच्या भिंतीवर चढतं, क्रँक त्यात बुडू शकतो, ओढणीच्या तोंडाशी वायूऐवजी तेल येऊ शकतं. त्यामुळे एखाद्या लेखात डायनोच्या आलेखाशेजारी प्रत्यक्ष धावेतला क्रँककेस दाबाचा आलेख छापलेला दिसला, तर आधी तो वाचा, आणि पहिल्या सेकंदात दाब कुठे जातो ते बघा.