कोणाचे कोण करते? : ‘संध्याछाया’, ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘अस्तु’मधील घरगुती शुश्रूषा

मराठी कौटुंबिक नाटकाची समीक्षा आजवर प्रामुख्याने तीन सूत्रांभोवती फिरत राहिली आहे. एकत्र कुटुंबाचे विघटन, पिढ्यांमधील संघर्ष आणि मूल्यांचा ऱ्हास ही ती सूत्रे होत. या सूत्रांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या प्रभावामुळे घर या अवकाशात रोज घडणारी एक गोष्ट समीक्षेच्या नजरेतून सातत्याने निसटली आहे. ती म्हणजे आजारी जोडीदाराची आणि वृद्ध आईवडिलांची अथवा सासूसासऱ्यांची घरातल्या घरात केली जाणारी उस्तवार. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ (१९७३), महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट या तीन कलाकृतींच्या आधारे या दुर्लक्षित बाजूचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माध्यमे भिन्न असली तरी तिन्ही कलाकृतींचा भूगोल एकच आहे : मध्यमवर्गीय अथवा एकेकाळच्या सुखवस्तू ब्राह्मणी घराचा. ही मर्यादा आरंभीच नोंदवलेली बरी.

प्रारंभी काही शब्दांचा विचार आवश्यक ठरतो. ‘सेवा’ या शब्दाला भक्तीचा गंध आहे. ‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृतातील ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यातून गुरूची सेवा आणि पुढे रुग्णाची सेवा असा त्याचा अर्थविस्तार झाला. मात्र मराठी घरांत हे दोन्ही शब्द फारसे बोलले जात नाहीत. तेथे बोलले जाते ते ‘करणे’ : ‘तिने सासूचे केले’, ‘म्हातारीचे आता कोण करणार?’, ‘नवऱ्याचे करता करता तिचे आयुष्य गेले’. या वाक्यरचनेत षष्ठी आहे, क्रियापद आहे, पण कर्म नाही. काय केले, हे भाषा सांगतच नाही. कूस बदलून देणे, अंग पुसणे, मलमूत्र काढणे, पथ्यपाणी सांभाळणे, रात्री तीनदा उठणे ही सर्व कामे त्या मोकळ्या जागेत मुकाट्याने सामावली जातात. ‘कोण करणार?’ या प्रश्नातील ‘कोण’चे उत्तरही बहुधा प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले असते. कर्माचा हा लोप केवळ व्याकरणातला नाही. तो रंगभूमीवरही आढळतो.

याला एक रूपबंधात्मक कारण आहे. नाटकाला घटना लागते आणि शुश्रूषा ही घटना नव्हे, ती आवृत्ती आहे. कालचे आज पुन्हा करावे लागते आणि आजचे केलेले उद्या पुसले जाते. मृत्यू, चोरी, पलायन, बेपत्ता होणे यांना नाट्य आहे. दुपारी दोनच्या औषधाला ते नाही. म्हणून या कलाकृतींनी आवृत्तीचा प्रश्न कसा सोडवला, या प्रश्नाने त्यांच्याकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

‘संध्याछाया’मधील नाना-नानी हे एकटे पडलेले वृद्ध दांपत्य. एक मुलगा अमेरिकेत आणि दुसरा सैन्यदलात. या नाटकाचे गारूड मराठी प्रेक्षकांवर दीर्घकाळ राहिले आणि ‘परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील’ असा एक प्रकारच त्यातून रूढ झाला. मुलांची अनुपस्थिती हाच नाटकाचा विषय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि रंगमंचावर प्रत्यक्ष जे घडते ते निराळे आहे. तेथे दोन म्हातारी माणसे एकमेकांना सांभाळत असतात. जो आज रुग्ण असतो तो उद्या परिचारक होतो. एकमेकांची चेष्टा, जुन्या आठवणी, दारावर येणाऱ्या कोणालाही धरून बसवण्याची धडपड यांतून दळवी आवृत्तीला वाट पाहण्याचे रूप देतात. हे दोघे मिळून शेवटी मरण जवळ करतात. त्यामागे पुत्रवियोगाचे दुःख आहेच. पण त्या निर्णयामागे आणखी एक धास्ती वाचता येते. एक गेल्यावर मागे उरणाऱ्याचे कोण करणार, ही ती धास्ती होय. नाटक तिचा उच्चार भावविवशतेच्या आड ठेवते आणि तेथे ते थोडे सोपे होते. मुलांवरील मूक दोषारोप प्रेक्षकाला रडवतो, परंतु मुले जवळ असती तर नेमके कोणी काय केले असते, हा अवघड प्रश्न त्या अश्रूंत वाहून जातो.

तो अवघड प्रश्न ‘वाडा चिरेबंदी’ने मांडला. या नाटकात मुले, सुना, नातवंडे सगळे वाड्यात हजर आहेत. धरणगावकर देशपांडे कुटुंबाचे कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह आला आहे. दिवसांच्या खर्चावरून, जमिनीवरून, दागिन्यांवरून ताण वाढत जातो. दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर, अंगावर पिढीजात दागिने चढवून बसलेली वहिनी, दागिन्यांसह पळून जाणारी रंजू यांवर विपुल लिहिले गेले आहे. सरंजामी व्यवस्थेच्या पडझडीचे नाटक, हे त्याचे वर्णन आता पाठ्यपुस्तकी झाले आहे.

या पडझडीच्या मध्यभागी एक अतिवृद्ध स्त्री आहे : दादी, तात्याजींची आई. मुलगा गेल्याचे तिच्या ध्यानात राहत नाही. ती त्यालाच हाक मारते आणि किती वाजले ते विचारत राहते. समीक्षेने तिला बहुधा प्रतीक मानले : थांबलेल्या काळाचे, जीर्ण परंपरेचे. प्रतीक म्हणून ती सार्थ आहेच. पण एखाद्या म्हातारीला प्रतीक मानले की तिला भरवायचे कोणी, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. (समीक्षकांची ही सवय कर्त्या पुरुषांच्या सवयीहून फार वेगळी नाही.) नाटककाराने मात्र तो प्रश्न सोडलेला नाही. दादीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तो मोठ्यांच्या व्यवहाराची बोलणी छेदत. शुश्रूषेतील आवृत्ती एलकुंचवार वर्णन करून सांगत नाहीत. ती ते नाटकाच्या लयीत बसवतात. प्रेक्षकाला दादीच्या हाकेचा काही वेळाने त्रास होऊ लागतो, आणि त्या त्रासातून त्या घरात राहणाऱ्यांचा रोजचा शीण त्याच्यापर्यंत पोचतो. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे आठवावा. दादीचे सर्वांच्या कानावर पडते, पण ऐकण्याची इच्छा कोणाला उरली आहे?

वाड्यात वाटणीची भाषा सतत चालते. कोणाला काय मिळणार आणि कोणी किती द्यायचे, याचे हिशेब मांडले जातात. त्या हिशेबात दादी कोठेही नाही. जमीन वाटता येते, सोने वाटता येते. म्हातारीच्या रात्री वाटता येत नाहीत. दादीसकट वाड्यातली अंगमेहनतीची कामे धाकट्या चंदूवर पडतात. चंदू पुरुष आहे, त्यामुळे शुश्रूषेचे काम केवळ स्त्रियांकडे जाते, हे सरळ स्त्रीवादी विधान येथे अपुरे पडते. चंदूला शिक्षण नाही, मिळकत नाही, बायको नाही. घरात ज्याचा शब्द चालत नाही त्याच्याकडे हे काम उतरते, असे सूत्र या नाटकातून हाती येते. बहुतेक घरांत ती व्यक्ती सून असते म्हणून ते बायकांचे काम ठरते, इतकेच. शिकण्याची आस दाबली गेलेली अविवाहित प्रभाही याच पायरीवर उभी आहे.

आईच्या स्थानाकडे तर फारच कमी लक्ष गेले आहे. ती नुकतीच विधवा झाली आहे. नवऱ्याचे करणे संपले, पण सासूचे संपलेले नाही आणि स्वतःचे म्हातारपण सुरू झाले आहे. जोडीदार आणि वडीलधारे माणूस अशी दुहेरी उस्तवार करणाऱ्या स्त्रीचे इतके नेमके स्थान मराठी रंगभूमीवर क्वचितच रेखाटले गेले असेल. तिला वैधव्याचा शोक करण्याइतकी उसंतही घर देत नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’सह या नाटकाची त्रिनाट्यधारा सलग सादर केली. त्या दीर्घ प्रयोगाचे कौतुक त्याच्या आवाक्यासाठी झाले, आणि तेही रास्तच होते.

‘अस्तु’मध्ये घर शहरी आणि विभक्त आहे. संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीतून नेत असताना ते हत्तीच्या ओढीने उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. त्यानंतरचा एक दिवस म्हणजे हा चित्रपट. आवृत्तीवर भावे यांनी काढलेला तोडगा असा की घटना एका दिवसाची आणि रोजचे जगणे आठवणींच्या तुकड्यांत. इरेची चिडचीड, तिचा अपराधभाव आणि वडील सापडावेत या इच्छेतच दडलेला थकवा अत्यंत प्रामाणिकपणे येतो. मुलगी वडिलांचे करते म्हणजे तिचा संसारही नकळत त्या कामाला जुंपला जातो, हेही चित्रपट बडेजाव न करता दाखवतो. ‘संध्याछाया’च्या वेळी या जागी मुलाचीच अपेक्षा होती, चाळीस वर्षांनी तेथे मुलगी आली, ही साधी बाब नव्हे.

मात्र माहुताची बायको चन्नम्मा या व्यक्तिरेखेशी येऊन चित्रपट आपल्याच प्रश्नाला बगल देतो. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अभिनय त्या योग्यतेचा आहे. कन्नड बोलणारी ही गरीब स्त्री अनोळखी म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखे भरवते. भाषेवाचून घडणारा हा संवाद हृद्य आहे. पण चन्नम्माने एक दिवस केले. इरा कितीतरी दिवस करते आहे. एका दिवसाची माया आणि अनेक दिवसांची उस्तवार यांची तुलना सुशिक्षित मुलीला उणे ठरवण्यासाठी झाली, तर ती अन्यायाची होते. शिवाय निरक्षर, गरीब स्त्रीच्या ठायी मातृत्व नैसर्गिकच असते, असे मानण्यात मध्यमवर्गाची सोयही आहे. तिच्या मायेचा मोबदला द्यावा लागत नाही.

हा प्रश्न कलाकृतींपुरता मर्यादित नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील व्यक्तींची विनामोबदला काळजी घेण्याच्या कामात २७.६ टक्के स्त्रियांचा आणि १४ टक्के पुरुषांचा सहभाग होता. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत होते. या आकड्यांत बालसंगोपनही धरलेले आहे, हे विसरता कामा नये. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा अपत्यांवर निर्वाहाचे दायित्व टाकतो. त्याची भाषा मुख्यत्वे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांची आहे. या कायद्याने मुंबईच्या सुधीरला दरमहा रक्कम देण्यास भाग पाडता आले असते. पण चंदूचे वाड्यातले दिवस कोणत्या रकान्यात लिहावयाचे, याचे उत्तर त्यात नाही.

‘वाडा चिरेबंदी’ अनेक विद्यापीठांत शिकवले गेले आहे आणि त्यावर विचारले जाणारे प्रश्न बहुधा ट्रॅक्टर आणि दागिने यांवर असतात. चंदूच्या पायाला गंजक्या ट्रॅक्टरमुळे झालेली जखम चिघळत जाते, तीही प्रतीक म्हणूनच शिकवली जाते. त्या पायाने तो दादीकडे किती वेळा जातो, हे संहिता उघडून वर्गात एकदा मोजावयास हरकत नाही.